नाबाद

इंग्रजांच्या या खेळातले किती तरी शब्द मराठीने आपलेसे करून घेतले. पण ‘बाद’ हा शब्द तिने जितका चपखल बसवला, तितका दुसरा कुठलाही बसवला नसेल. शब्द मूळचा दफ्तरातला. जमाखर्चातून रक्कम बाद होते, मतपेटीतले मत बाद होते, सरकारने मनात आणले तर खिशातली नोट रात्रीतून बाद होते. आणि मैदानावर धडधाकट माणूस बाद होतो. ‘आउट’ म्हणजे नुसते बाहेर. बाहेर गेलेला माणूस परत आत येऊ शकतो. बाद झालेल्याचे तसे नाही. त्याच्यावर लाल शाईने रेघ ओढली गेलेली असते.

एकेकटा खेळाडू बाद होतो हे ठीकच. पण स्पर्धेची एक तऱ्हा अशी आहे, की तीत अकराच्या अकरा जण एकदम बाद होतात. तिला आपण बाद पद्धत म्हणतो. हरलात की घरी चला. हिचे गणित मोठे सोपे आणि तितकेच निर्दय आहे. आठ संघ असले तर सामने सात. सोळा असले तर पंधरा. बत्तीस असले तर एकतीस. वर्गातल्या मुलांना हे कोडे घातले, की ती फळ्यावर जोड्या मांडत बसतात. खरे उत्तर एका ओळीचे आहे. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. एक सोडून सगळ्यांना घरी पाठवायचे, तर संघांपेक्षा एक कमी इतके सामने लागणारच. म्हणजे ही सगळी खटपट विजेता शोधण्याची आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती हरणाऱ्यांची मोजदाद असते.

तिच्या उलट साखळी पद्धत. ती आजीसारखी असते. आज चुकलास? असू दे, उद्या जेवायला ये. २०२५ साली आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ही आजी किती उपयोगी पडली ते आठवून पाहा. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून त्या लागोपाठ तीन सामने हरल्या होत्या. बाद पद्धत असती, तर पहिल्याच पराभवाला सामान बांधावे लागले असते. साखळीने त्यांना थांबवून घेतले. मग उपान्त्य सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवले. त्या रात्री आमच्या सांगलीत दुसरी दिवाळी झाली. कारण संघाची उपकर्णधार स्मृती मानधना ही आमच्या माधवनगरात वाढलेली मुलगी. आमच्या गल्लीतल्या ज्या आजीबाईंना षटक म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांनीही दारात पणती लावली.

आमची रणजी स्पर्धासुद्धा आरंभी बाद पद्धतीचीच होती. १९३४-३५ साली ती सुरू झाली आणि १९५७-५८पासून विभागवार साखळी आली. त्या पहिल्या काळात महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. कप्तान होते प्राध्यापक दि. ब. देवधर. वर्गात संस्कृत शिकवायचे आणि मैदानावर गोलंदाजांना शिकवायचे, असा त्यांचा दुहेरी अध्यापनाचा व्यवसाय. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली. चाळिशीचा चष्मा लागल्याबरोबर पायऱ्या मोजून चढणाऱ्या आम्हा मास्तर मंडळींना हा आकडा कुणी उगाच ऐकवू नये.

सांगलीचा माणूस क्रिकेटबद्दल बोलू लागला, की विजय हजाऱ्यांवर यायचाच. ११ मार्च १९१५ रोजी ते आमच्या गावी जन्मले. भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो १९५२ साली मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, आणि त्या दिवशी कप्तान हजारे होते. पण मला त्यांचा विजय फारसा आठवत नाही. मला आठवतात ते त्यांचे दोन पराभव. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी एका डावात ११६ आणि दुसऱ्यात १४५ धावा काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. आणि आपण तो सामना डावाने हरलो! त्याआधी १९४३च्या डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत अंतिम फेरीला हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाकडून ते उभे राहिले. तीही बाद पद्धतच. पहिल्या डावात त्यांचा संघ १३३त गारद झालेला. ५८१चा डोंगर समोर. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना डावाने आणि ६१ धावांनी गेला तो गेलाच.

या डावातली खरी गंमत निराळीच आहे. हजाऱ्यांच्या साथीला त्यांचा धाकटा भाऊ विवेक उभा होता. दोघांनी मिळून ३०० धावांची भागी केली; आणि त्या तीनशेंत विवेकच्या धावा होत्या २१. पुस्तकांत ३०९ हा आकडा ठळक छापतात. मी चित्रकलेचा मास्तर. मला ठळक आकृतीपेक्षा तिच्या मागची पार्श्वभूमी आधी दिसते. तासन् तास दुसऱ्या टोकाला उभे राहायचे, आपल्या वाट्याचा चेंडू मुकाट्याने मातीत दाबायचा आणि भावाला म्हणायचे, ‘तू खेळ, मी आहे.’ ते २१ नसते, तर ३०९ कुठून झाले असते?

एवढे पाल्हाळ लावले त्याला कारण आहे. असल्याच एका डावाची वही माझ्या हाताने भरली गेली आहे, आणि ती अजून माझ्या कपाटात आहे.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संघ करून एकमेकांशी खेळावे ही कल्पना इंग्रजांची. त्यांच्याकडे १९६७पासून ‘क्रिकेटर कप’ नावाची स्पर्धा चालते. बड्या निवासी शाळांचे माजी विद्यार्थी तीत उतरतात आणि तीही बाद पद्धतीची. पहिल्या वर्षी ती रेप्टन शाळेच्या जुन्या मुलांनी जिंकली. आमच्या सांगलीतल्या स्पर्धेला असला काही थाट नाही. आठ शाळा, सात सामने, वीस-वीस षटके, मॅटिंगची खेळपट्टी, आणि विश्रांतीला भडंग व चहा. करंडक मात्र चांगला कोपरभर उंच आहे. तो कुणाच्या तरी दुकानात वर्षभर शोकेसमध्ये असतो आणि त्याच्या शेजारी कुकर ठेवलेले असतात.

‘माजी’ या शब्दाचीही गंमत पाहा. गेल्या जूनमध्ये शाळा सोडलेला, ओठावर कोवळी मिशी असलेला पोरगाही माजी. आणि नातवाला शाळेत सोडायला येणारे आजोबाही माजी. आमचा संघ या दोन टोकांच्या मधला, पण आजोबांच्या बाजूला कललेला. कप्तान हळदीचा अडत्या. सलामीला एस.टी.चा कंडक्टर, तो धाव घेतानाही मागे वळून बघतो, कुणी चढायचे राहिले का म्हणून. यष्टीमागे बँकेतला कारकून. भरवशाचा फलंदाज एकच, आमचा दाताचा डॉक्टर. मी खेळाडू नव्हेच. पण मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या परीक्षा देऊन ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि माझे अक्षर बरे आहे असा गावात बोभाटा झाला. म्हणून धावांची वही माझ्याकडे आली.

हे सारे २०२०च्या जानेवारीतले. आदल्या ऑगस्टात कृष्णेला महापूर येऊन गेला होता. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले आणि निम्मे गाव पाण्याखाली गेले. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर आठवडाभर पाणी होते. ओसरल्यावर कचेरी उघडली, तर कपाटातली रजिस्टरे फुगून खव्याच्या पोळ्यांसारखी झालेली. लेखनिकांनी आणि आम्ही मास्तरांनी महिनाभर पाने सुटी करून दोरीवर वाळत घातली. शंभर-शंभर मुलांची नावे वाऱ्यावर फडफडत होती. अशा वर्षी स्पर्धा भरवू नये असे काहींचे म्हणणे पडले. पण चिखल काढून काढून माणसे इतकी कंटाळली होती, की एखादा रविवार चेंडूमागे धावावे असेच बहुतेकांना वाटले.

पहिल्या सामन्यात आम्हांला पुढे चाल मिळाली. समोरचे सातच जण आले होते. लगेच उपान्त्य सामना. आणि त्याच्या चार दिवस आधी आमच्या एकाने घरी लग्न काढले! अकरावा माणूस कुठून आणायचा? कप्तान अडतीच्या गादीवर डोके धरून बसला होता. समोर हमाल पोती उतरवत होते. त्यांतल्या एकाकडे तो बघत राहिला आणि मग ओरडला, ‘बेचाळीस!’

बेचाळीस म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा. एकाच नावाची तीन मुले वर्गात होती. म्हणून गुरुजी त्याला हजेरीच्या नंबराने हाक मारीत आणि आम्हीही तेच नाव धरले. त्याचे वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. ज्यांनी पेव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खणलेले, वर निमुळते तोंड असलेले हे कोठार. त्यात हळद घालून तोंड बंद केले, की ती वर्षानुवर्षे किडीशिवाय राहते. कारण आत हवाच नसते. त्यामुळेच माल काढताना तोंड उघडून बराच वेळ थांबावे लागते. घाईने उतरणारा माणूस वर येत नाही. २००५च्या पुराने त्यांतली पुष्कळशी पेवे बुडवली. बेचाळीसचे वडील त्याआधीच, तो नववीत असताना, तापाच्या आजारात गेले. पोरगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आला नाही. आम्ही चार दिवस विचारपूस केली. पाचव्या दिवशी त्याच्या बाकावर दुसरे कोणी बसले. पोरांच्या जगात एवढ्यावर भागते.

पुढे आमच्यापैकी एकजण अडत्या झाला आणि बेचाळीस त्याच्याच दुकानात पोती वाहू लागला. यार्डात तो त्याला ‘मालक’ म्हणे.

‘मालक, मला कशाला? मी काय शाळंचा राहिलोय आता?’ तो म्हणाला.

‘यार्डात मालक. मैदानावर लेका म्हणायचं. उद्या सराव आहे, ये.’

तो आला. पण स्पर्धेच्या नियमांत एक कलम होते: प्रत्येक खेळाडूने शाळा सोडल्याचा दाखला दाखवावा. बेचाळीसने तो कधी काढलाच नव्हता. पोती उचलायला दाखला लागत नाही. समोरच्या संघाच्या व्यवस्थापकाने नेमका आक्षेप घेतला. त्याचेही फार चुकले असे मी म्हणणार नाही. आदल्या वर्षी एका संघाने भाड्याचा गोलंदाज आणला होता.

शनिवारी दुपारी मी आणि बेचाळीस शाळेच्या कचेरीत गेलो. लेखनिकांनी वाळलेले जनरल रजिस्टर काढले. पाने कडक झाली होती, उलटताना पापडासारखी वाजत. कित्येक ओळी धुऊन गेलेल्या. निळ्या शाईचे नुसते ढग उरले होते. माझे बोट वरून खाली येत होते आणि बेचाळीस दारातच उभा होता. आत ये म्हटले तर म्हणाला, ‘पाय धुतल्यालं न्हाईत.’ अखेर ओळ सापडली. त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. आणि शेवटच्या रकान्यात शेरा: ‘सतत गैरहजर. नाव कमी केले.’

‘काय लिवलंय?’ त्याने विचारले. मी वाचून दाखवले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने हसून म्हणाला, ‘म्हंजे गड्या, खेळायच्या आदीच आउट.’

दाखला मिळाला, पण शेरा वाचून आक्षेप आणखीच पक्का झाला. ज्याचे नाव शाळेने कमी केले, तो त्या शाळेचा माजी विद्यार्थी कसा? रविवारी सकाळी खेळपट्टीवर मॅटिंग ताणले जात असताना बाजूला ही चर्चासभा भरली. आमचे ड्रिलचे सर तिथे होते. सत्तरी उलटलेली, हातात अजून शिट्टी. समितीत ते नव्हते, पण गावातल्या निम्म्या समितीने त्यांच्या छड्या खाल्लेल्या. त्यांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘अरे, कमी करायला आधी लिहिलेलं असावं लागतं. ज्याचं नाव लिहिलेलंच नाही, त्याचं कमी कोण करेल? शेरा म्हणजेच पुरावा. खेळू द्या त्याला.’

समितीतले दोघे आपसांत कुजबुजले, आक्षेप घेणाऱ्याकडे पाहिले, आणि तो गृहस्थ मोकळेपणाने म्हणाला, ‘ठीक आहे, खेळू दे.’ इतक्या गोष्टी कोर्टात जात असलेल्या या काळात हा निकाल दहा मिनिटांत लागला, याची मी वहीच्या समासात नोंद केली आहे.

समोरच्या पोरांनी वीस षटकांत ९ बाद ११८ केल्या. आकडा फार नव्हता. पण आमचे वीर एकामागून एक परतू लागले. कंडक्टर धावचीत झाला. कप्तान शून्यावर गेला आणि ‘चेंडू खाली राहिला’ असे चार जणांना सांगून आला. अकराव्या षटकाच्या शेवटी ७ बाद ५८. चोपन्न चेंडू, एकसष्ट धावा. डॉक्टर एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला बेचाळीस निघाला.

त्याने दुसऱ्याचे पॅड बांधले होते आणि ते त्याला मोठे होत होते. सीझन बॉल त्याने नववीनंतर पहिल्यांदा पाहिला असावा. बॅट त्याने पोते धरावे तशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याच्या तळव्यांतली हळद जन्माची, ती मुठीच्या रबराला लागली आणि डाव संपेपर्यंत मूठ पिवळी झाली. पहिला चेंडू त्याच्या बरगडीवर बसला. आम्ही सगळे उभे राहिलो. त्याने बरगडी चोळली नाही. पोत्याखाली वाकणारा माणूस जसा पाय रोवतो तसे पाय त्याने रोवले आणि दुसऱ्या चेंडूची वाट पाहिली.

मग सुरू झाले ते मी आजवर कुठल्या सामन्यात पाहिले नाही. डॉक्टर फटके मारी आणि बेचाळीस उभा राही. चेंडू आला की बॅट खाली. धाव मिळाली तर घ्यायची, नाही तर जागेवर. षटके संपत होती. ओठावर कोवळी मिशी असलेले गोलंदाज चिडत होते. मी वहीत ठिपके देत होतो. आपल्याकडे दिवाळीत बायका अंगणात ठिपके देतात, तशी त्याच्या नावापुढे एक रांग तयार होत होती. नुसत्या ठिपक्यांना रांगोळी म्हणत नाहीत हे खरे. पण ठिपक्यांवाचून रेघ कुठून कुठे न्यायची, हे मी मुलांना दर वर्षी शिकवतो.

शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. डॉक्टरने सरळ मारला. चेंडू सीमेकडे गेला, आम्ही ओरडलो, आणि एका पोराने दोरीच्या दोन हात अलीकडे झेप घेऊन तो अडवला. एकच धाव झाली. ७ बाद ११६. आम्ही दोन धावांनी हरलो.

वही बंद करण्यापूर्वी मी बेरजा घातल्या. डॉक्टर ३५ चेंडूंत ४९ भागीदारीत. बेचाळीस १९ चेंडूंत ४. बाय आणि लेग-बाय मिळून ५. भागी ५८, अभेद्य. दोघांच्याही नावापुढे मी ‘नाबाद’ लिहिले, आणि खाली निकालाच्या ओळीत ‘संघ स्पर्धेतून बाद’ असे लिहिले. लिहिता लिहिता हात थबकला. दोन नाबाद माणसे मिळून एक बाद संघ कसा होतो, हे कोडे मी मुलांना घालू शकणार नाही.

मंडळींत कुरकूर झालीच. कंडक्टर म्हणाला, ‘त्या पंधरा ठिपक्यांतले दोनच चेंडू कुठं ढकलले असते, तर?’ हिशेब बरोबर होता. एकोणीस चेंडूंत चार धावा, पंधरा ठिपके, कमी पडल्या दोन धावा. बेचाळीस पॅड सोडत खाली मान घालून बसला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरच म्हणाला, ‘मी पाहिलं ना तिकडून. हा गेला असता तर मागून येणारे दोघं चार चेंडू टिकले नसते. सत्तरमध्ये आटोपलो असतो. मी एवढा वेळ खेळलो ते कुणामुळं?’

मला त्या क्षणी विवेक हजाऱ्यांचे २१ आठवले. आणि त्यांच्याबरोबर आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही. १९४८च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध ते ४४३वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. समोरच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. ते नाबादच राहिले, जन्मभर. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. २०१२ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते गेले. नाबाद राहण्यात समाधान असते तसे एक अपुरेपणही असते. राहिलेल्या नऊ धावा कुणी मागाहून आणून देत नाही.

बेचाळीसचे अपुरेपण कोणते, ते मला आणखी काही महिन्यांनी कळले. सामन्यासाठी काढलेला दाखला त्याने परत केला नव्हता. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होता. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली. यार्ड बंद, शाळा बंद, २०२१ साली तर दहावीची परीक्षाच झाली नाही. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो माझ्या घरी आला. या खेपेला पाय धुऊन आला होता.

‘मास्तर, सतरा नंबरचा फारम म्हणत्यात, तो ह्या कागदावर भरता येतोय काय?’

मी त्याच्याकडे बघत राहिलो. शाळेबाहेर राहून दहावीला बसणाऱ्यांसाठी हा सतरा नंबरचा अर्ज असतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. ‘नाव कमी केले’ हा शेरा असलेलाही चालतो. तो फॉर्म आम्ही दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. माझ्या बायकोने मध्येच चहा आणून ठेवला आणि त्याने तो अर्ज पुरा होईपर्यंत घेतला नाही. कागदावर डाग पडेल म्हणून.

त्याची मुलगी तेव्हा नववीत. तीच त्याची मास्तरीण झाली. पोती उतरवून आल्यावर बाप पाढे आणि प्रमेये तिला म्हणून दाखवी, चुकला की ती ‘पुन्हा’ म्हणे. मार्च २०२२ मध्ये तो परीक्षेला बसला. केंद्रावर पर्यवेक्षकाने त्याला पालक समजून बाहेर थांबायला सांगितले, हे तो स्वतःच हसत हसत सांगतो. निकाल लागला, सगळ्या विषयांत पास, एका इंग्रजीत गेला. ज्यांचा खेळ, त्यांच्याच भाषेने त्याला बाद केला! मला वाटले, आता हा पुन्हा यायचा नाही. एका चेंडूवर बाद झालेला माणूस दुसऱ्या चेंडूची वाट बघत नसतो.

पण परीक्षा मंडळाने परीक्षेची आता साखळी करून ठेवली आहे, हे मी विसरलो होतो. त्या वर्षी जुलैत पुरवणी परीक्षा होती. तो पुन्हा बसला. इंग्रजीत ३७. पेढे घेऊन आला, पहिला पेढा त्याने मला दिला नाही. सायकलवर टांग मारून ड्रिलच्या सरांकडे गेला आणि त्यांना देऊन मग माझ्याकडे आला. सर म्हणाले होते म्हणे, ‘नंबर किती रे तुझा?’ आणि त्याने शाळेत सांगायचा तसा सांगितला, ‘बेचाळीस, सर. हजर.’

एवढे झाले म्हणून त्याचे दिवस पालटले असे वाचकांनी समजू नये. तो अजून यार्डातच आहे. मात्र अडत्याने आता त्याला वजनकाट्यावर बसवले आहे आणि पावत्या तो लिहितो. त्याचे अक्षर किरटे आहे, पण आकडा चुकत नाही. यार्डात तो अजून ‘मालक’ म्हणतो आणि मैदानावर ‘लेका’.

स्पर्धा पुन्हा भरू लागली आहे. आम्ही बहुधा पहिल्याच सामन्यात बाद होतो. बेचाळीस नवव्या क्रमांकावरच जातो. पॅड त्याला अजून मोठेच होतात. दाखल्याचे कलम समितीने कधीच काढून टाकले आहे. तरी दर वर्षी नाणेफेकीच्या आधी तो प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी येतो. आता तिच्यात दोन कागद असतात. मी ते पाहतो, परत देतो, आणि वहीत त्याचे पूर्ण नाव लिहितो.